पाहुण्यांचें भूतान

भूतानविषयीं इंग्रजींत असलेलीं जुनीं प्रवासवर्णनें ओळीनें वाचूं लागलें म्हणजे वाचकाची मोठी पंचाईत होते. देश तोच, नद्या त्याच, वाटाही बहुधा त्याच. पण लोक मात्र पुस्तकागणिक बदलतात. १७७४ सालचे भूतानी साधे, आनंदी व सत्यवचनी आहेत. १८६४ सालीं तेच लबाड, भित्रे व क्रूर झालेले दिसतात. आणि १९०५ साल उजाडतें तों ते पुन्हां सौजन्याचे पुतळे बनतात. एखाद्या लोकसमूहाचा स्वभाव नव्वद वर्षांत नासतो व पुढल्या चाळीस वर्षांत पुन्हां ताळ्यावर येतो, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं. मग बदललें तें काय? आमच्या मतें याचें उत्तर भूतानांत नसून, त्या त्या लेखकाच्या पदरीं तेथें काय पडलें यांत आहे.

प्रथम भूमीचें रूप ध्यानांत घेतलें पाहिजे. भूतानचें क्षेत्रफळ सुमारें ३८,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे केरळाहून किंचित् कमीच. दक्षिणेस बंगाल-आसामच्या मैदानाला लागलेलें सालवृक्षांचें रान, आणि उत्तरेस ७,५७० मीटर उंचीचें गांगखर पुएनसुम हें शिखर, ज्यावर अद्याप कोणाचेंही पाऊल पडलेलें नाहीं. या दोहोंमधलें अंतर दोनशें किलोमीटरही भरत नाहीं. नद्या उत्तरेकडून दक्षिणेस वाहतात व त्यांच्यामध्यें डोंगरांच्या सोंडा उतरल्या आहेत. त्यामुळें पारोहून पुनाखास किंवा पुनाखाहून तोंगसास जावयाचें म्हणजे खिंड चढा, नदीपर्यंत उतरा, आणि पुन्हां चढा. अशा देशांत प्रत्येक खोऱ्याचा गढीवजा मठ वेगळा आणि त्याचा अधिपति, म्हणजे पेनलोप, हाही वेगळा. १६१६ सालीं तिबेटांतून आलेल्या शबद्रुंग न्गवांग नामग्याल यानें हीं खोरीं एका सत्तेखालीं आणलीं. पण १६५१ मध्यें तो निवर्तल्यावर त्याचें निधन जवळजवळ अर्धें शतक गुप्त ठेवावें लागलें, इतकी ही एकी नाजूक होती. मैदानाकडे उतरणाऱ्या अठरा वाटा व त्यांच्या पायथ्याची सुपीक जमीन यांस ‘दुआर’ म्हणत. शब्द आपल्या ‘द्वारा’चाच आहे. मराठी वाचकास सांगावयाचें तर किल्ल्यास जसा घेरा, तसे भूतानास हे दुआर. वरच्या राज्याचें धान्य व उत्पन्न बरेंचसें येथून येई.

या देशांत शिरून वृत्तान्त लिहिणारे पहिले युरोपीय म्हणजे कासेला व काब्राल हे दोन पोर्तुगीज जेझुइट पाद्री. ते १६२७ मध्यें प्रत्यक्ष शबद्रुंगाचे पाहुणे होते, आणि कासेलाचें तेथून धाडलेलें पत्र आदरानें भरलेलें आहे. धर्मप्रसाराचा त्यांचा हेतु कांहीं तडीस गेला नाहीं, तरी लेखणींत कडवटपणा नाहीं. एवढा अपवाद आमच्या सिद्धान्तास आहे, तो आम्ही लपवीत नाहीं.

पुढें कुचबिहारवरून झालेल्या लढाईनंतर वॉरन हेस्टिंग्जनें १७७४ सालीं जॉर्ज बोगल यास पाठविलें. वय अठ्ठाविसाच्या आंतबाहेर, घरच्या माणसांस पत्रें लिहिण्याची हौस, आणि वाटेंत मुक्कामोमुक्कामीं बटाटे लावण्याची गव्हर्नरसाहेबांची आज्ञा! बोगल स्वतःच्या फजितीवर हंसतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. त्याला व्यापाराच्या सवलती मिळाल्या हें खरें. पण न मिळत्या तरी त्याचा सूर फारसा बदलला नसता असें वाटण्याइतकी त्याची वृत्ति निर्मळ आहे. दुर्दैवानें त्याचे कागद शंभर वर्षें पडून राहिले व मार्कहॅमनें ते १८७६ सालीं छापले. १७८३ मध्यें गेलेल्या टर्नरचा ग्रंथ मात्र १८०० सालींच निघाला. तो डौलदार आहे, किंचित् जड आहे. चुखा येथील लोखंडी साखळ्यांच्या पुलाचें त्यानें केलेलें वर्णन आजही वाचनीय आहे. त्याच वांगचू नदीवर चुखास आतां ३३६ मेगावॅटचें वीजकेंद्र उभें आहे. टर्नरचा सोबती सॅम्युअल डेव्हिस याचीं चित्रें तर आमच्या मतें ग्रंथाहूनही बोलकीं. १८१५ सालीं रंगपूरहून गेलेला कृष्णकांत बोस हा या मालिकेंतला एकटा हिंदी माणूस. अधिकाऱ्यांच्या पायऱ्या, करवसुली, व्यापार यांची त्यानें दिलेली माहिती रूक्ष खरी, पण कामाची आहे.

आतां अ‍ॅश्ली ईडन. त्याचें निवेदन वाङ्मय या दृष्टीनें या सर्वांत सरस आहे, हें कबूल करणें भाग आहे. बर्फांतली वाटचाल, उपासमार, मागें राहिलेलें सामान, आणि अखेर पुनाखाच्या दरबारांतली विटंबना: हें सारें त्यानें अशा वेगानें सांगितलें आहे कीं पुस्तक खालीं ठेववत नाहीं. तोंगसा पेनलोप जिग्मे नामग्याल यानें त्याच्या तोंडास ओली कणीक फांसली, केस ओढले, आणि दुआर परत देण्याच्या करारावर सही घेतली. ईडननें सहीशेजारीं ‘जुलमानें’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले. ते वाचणारा तेथें कोणी नव्हता! एवढा अपमान झालेल्या माणसानें यजमानास शिव्या दिल्या तर त्यांत नवल नाहीं. भूतानी टोळ्या खालच्या मुलखांतून माणसें व गुरें पळवीत, ही तक्रारही खोटी नव्हती. परंतु ईडनच्याच लिहिण्यांतून दिसतें कीं त्याला कोणी बोलाविलें नव्हतें. सामोरे येणारे अधिकारी आले नाहींत, थांबण्याचे निरोप आले, तरी तो पुढें गेलाच. देशांत तेव्हां आपसांत यादवी माजली होती, आणि करार करण्याजोगी एकमुखी सत्ताच नव्हती. हें सर्व त्याला दिसलें, पण त्याचें कारण त्यानें खिंडींत व खोऱ्यांत न शोधतां लोकांच्या रक्तांत शोधलें. १८३८ च्या सुमारास तहावांचून रिकाम्या हातानें परतलेल्या पेंबरटननेंही हेंच केलें होतें. ग्रँट डफच्या इतिहासाशीं ज्यांना झगडावें लागलें त्या मराठी वाचकांस हा प्रकार ओळखीचा आहे.

येथें प्रश्न केवळ रसिकतेचा उरत नाहीं. ईडनच्या वृत्तान्तानें कलकत्त्याच्या सरकारास सबळ निमित्त मिळालें. नोव्हेंबर १८६४ मध्यें युद्ध पुकारण्यांत आलें, आणि ११ नोव्हेंबर १८६५ च्या सिंचुला येथील तहानें उरलेसुरले दुआर कायमचे गेले. आसामकडील दुआर तर १८४१ सालींच गेले होते. बदल्यांत चढत्या क्रमानें सालीना पन्नास हजार रुपयांपर्यंत नेमणूक, तीही वर्तणूक नीट राहिल्यास! १८७४ पासून त्या जमिनींत चहाचे मळे दिसूं लागले.

चाळीस वर्षांनीं जॉन क्लॉड व्हाइट पुनाखास गेला तो पदक घेऊन. तें पदक स्वीकारणारा उग्येन वांगचुक हा कणीक फांसणाऱ्या त्या पेनलोपाचाच मुलगा. १९०४ च्या ल्हासा मोहिमेंत त्यानें इंग्रजांस साह्य केलें होतें, आणि १९०७ सालीं तो भूतानचा पहिला वंशपरंपरागत राजा झाला. व्हाइटच्या १९०९ च्या पुस्तकांत त्याच दरबाराची शिस्त, आतिथ्य व कारागिरी यांची स्तुति ओसंडते. ती खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण पदक आणणाऱ्याचें स्वागत कसें होतें एवढेंच ती सिद्ध करते.

१९५८ सालीं पंडित नेहरूंना पारोस जाण्यासाठीं नथू ला ओलांडून घोड्यावरून व पायीं मजल मारावी लागली. पुढें रस्ते झाले, आणि १९७४ पासून परदेशी प्रवाशांस दार उघडलें. आपल्याकडील मंडळीही आतां फुंत्शोलिंगच्या वेशींतून तेथें जातात व ‘आनंदाच्या देशा’वर लेख लिहितात. या लेखांचा दोष ईडनच्या उलट, पण जातीचा तोच. ज्या दक्षिण पायथ्यावरून ते प्रवासी मोटारीनें वर चढतात, तेथल्याच नेपाळीभाषी रहिवाशांकडे १९८८ च्या शिरगणतींत १९५८ पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा मागण्यांत आला, आणि १९९० नंतरच्या थोड्या वर्षांत सुमारें एक लाख माणसें नेपाळांतील झापा व मोरंग येथील छावण्यांत जाऊन पडलीं. २००७ नंतर त्यांतील बहुतेकांस अमेरिकेसारख्या दूरच्या देशांत घर शोधावें लागलें. गोड प्रवासवर्णनांत याचा एक शब्द आढळला तर नशीब.

यजमानाच्या घरचें पुस्तक हवें असेल तर कर्मा फुंत्शो या भूतानी विद्वानाचा २०१३ सालीं निघालेला भूतानचा इतिहास पाहावा. ग्रंथ जाडजूड आहे, पण तेथील भाषेंतलीं साधनें त्यांत वापरलीं आहेत. ईडन ज्यांना वाचावयाचा असेल त्यांनीं तो अवश्य वाचावा. मात्र हा ग्रंथ शेजारीं उघडा ठेवून.