तीनशे सदतीस वर्षांची प्रेयसी

लग्नपत्रिकेत वराच्या नावाआधी आपण 'चि.' छापतो. त्या अक्षराचा अर्थ कोणी फारसा मनावर घेत नाही हे एका परीने बरेच आहे. कारण वाढदिवसाला ज्या सात चिरंजीवांचे स्मरण करतात, त्यांत हनुमंताच्या पंक्तीला अश्वत्थामाही आहे. तीन हजार वर्षे, रक्तपुवाने माखलेल्या अंगाने, सोबतीवाचून भटकत राहा, असा त्याला श्रीकृष्णाचा शाप. त्याच्या वाटेला कोणी जातच नाही, तेव्हा तिथे प्रेमाचा प्रश्न उद्भवत नाही. पण जिच्या दाराशी सारे जग प्रेम घेऊन उभे आहे, तिला मरण नसले तर?

कारेल चापेक या चेक लेखकाने 'माक्रोपुलोस प्रकरण' या नाटकात हाच प्रश्न विचारला. १९२२ साली ते प्रागमध्ये रंगभूमीवर आले. एमिलिया मार्टी ही त्याची नायिका, विख्यात गायिका. दिसते तरुण; जन्म मात्र १५८५चा. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या वैद्याने तीनशे वर्षे आयुष्य देणारे औषध केले आणि त्याची परीक्षा स्वतःच्या सोळा वर्षांच्या मुलीवर झाली. तीच ही. औषधाच्या कृतीचा कागद तिने शंभर वर्षांपूर्वी एका प्रियकरापाशी ठेवला होता. मुदत संपत आली म्हणून तो परत मिळवायला ती आली आहे.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७३ साली छापलेल्या निबंधात एमिलियाच्या दुःखाचे कारण कंटाळा असे सांगितले आहे. तत्त्वज्ञांशी वाद घालणे माझ्यासारख्या शाळामास्तराचे काम नव्हे. तथापि हे निदान मला अपुरे वाटते. तिच्यावर जीव टाकणारा ग्रेगोर हा तिच्याच मुलाच्या वंशातला निघतो. आपली मुले किती, हेही तिला धड सांगता येत नाही. कोवळा यानेक तिच्यापायी जीव देतो, तर तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. असे कितीतरी जण मेले, एवढाच तिचा हिशेब. ज्याच्याबरोबर म्हातारे व्हायचे असा माणूसच तिला मिळू शकत नाही. माणसे तिच्यासमोरून उतारूंसारखी जातात, आणि उतारूंवर कोणी किती माया लावावी?

तरीही एका प्रवेशात ती विरघळते. हाउक नावाचा एक अर्धवेडा म्हातारा पन्नास वर्षांपूर्वीची आपली स्पॅनिश प्रेयसी तिच्यात ओळखतो, आणि ती प्रेयसी तीच होती. देखण्या तरुणांना झिडकारणारी ही बाई या बोळक्या प्रियकराशी लाडाने बोलते, त्याच्याबरोबर स्पेनला निघायलाही तयार होते. का? त्याने अर्धशतक तिची आठवण जपली आहे, आणि त्याचे दिवस थोडे उरले आहेत. या एकाच माणसापाशी तिला काळ लागलेला दिसतो. मला तर सबंध नाटकाचे मर्म या थट्टेच्या प्रवेशात दिसते.

लेओश यानाचेकने यावर संगीतिका रचली, ती १९२६ साली ब्रनो येथे झाली. तिच्यात एमिलिया शेवटी मरते आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात. चापेकने तसे केलेले नाही. औषधाचा कागद कोणाला द्यावा यावर पुरुषमंडळी वाद घालीत बसतात. यानेकवर जिचे प्रेम होते ती क्रिस्टीना तो कागद दिव्यावर धरते, आणि एमिलिया हसते. मराठी रंगभूमीवर कोणी हे नाटक आणलेच, तर ते हसू सुटकेचे की भीतीचे, हे नटीला ठरवावे लागेल. आणि त्याआधी हाउकचा प्रवेश तिने घाईने उरकू नये.