टाळ्या आणि पाण्याची बाटली
२०२५ साली आलेले दोन चित्रपट आम्ही पाठोपाठ पाहिले. शाहबानो खटल्यावरून सुचलेल्या ‘हक’मध्ये यामी गौतमची शाझिया जिद्दीची आहे. पोटगीचा हक्क आम्हाला मान्यच. १९६६ साली हमीद दलवाईंच्या मुंबईतील मोर्चात सातच मुस्लिम स्त्रिया तलाकविरुद्ध चालल्या होत्या. तरी न्यायालयातील भाषणावर टाळ्या पडल्या तेव्हा आम्ही अवघडलो. त्या शाझियासाठी होत्या, की आमच्याविरुद्ध?

नीरज घायवानचा ‘होमबाउंड’ भाषण देत नाही. कचेरीत शोएबच्या हातची पाण्याची बाटली सहकाऱ्याला नको असते, एवढेच. दलित चंदनला ही तहान ओळखीची आहे. म्हणून त्यांची दोस्ती खरी वाटते.

आम्ही पाहतो त्या मराठी मालिकांत चाचा अजून ईदपुरतेच येतात, शीरखुर्मा ठेवून जातात. बोलतात तेही हिंदीच! मराठीत रागावणारी अम्मी या लेखकांना भेटलीच नाही काय?