पौरुषवर्धक पूरके : दावा आणि पुरावा यांची चिकित्सा

प्रस्तावना

नागपूरच्या सक्करदरा चौकातील शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग म्हणून अभ्यासले जाते. त्याच परंपरेचा हवाला देऊन ‘पौरुषवर्धक’ गोळ्या, चूर्णे व तेले बाजारात विकली जातात. शास्त्र आणि बाजार यांनी एकच शब्द वापरला म्हणून दोहोंचा आशय एक ठरत नाही. ही पूरके परिणामकारक आहेत काय व त्यांची शास्त्रीय परीक्षा झाली आहे काय, या दोन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

वाजीकरणाचा मूळ आशय

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील दुसरा अध्याय वाजीकरणाचा आहे. उत्तम संतती हे तेथील एक प्रमुख प्रयोजन असून, शरीरशुद्धीनंतर पुरुषाचे बल पाहून वैद्याने योजना करावी, अशी अपेक्षा आहे. अश्वगंधा, कवचबीज, गोखरू व सफेद मुसळी एकाच गोळीत घालून ती प्रत्येकास सरसकट विकणे या विचारात बसत नाही. म्हणजेच ‘प्राचीन परंपरा’ हा विक्रेत्यांचा युक्तिवाद परंपरेच्याच कसोटीवर दुबळा ठरतो.

पुराव्यांची चिकित्सा

या वनस्पतींच्या चाचण्या झाल्याच नाहीत, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही. शुक्राणूसंख्या कमी असलेल्या ४६ पुरुषांवरील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज ६७५ मिलिग्रॅम अश्वगंधा-मूळाचा अर्क ९० दिवस घेतलेल्या गटात शुक्राणूसंख्या १६७ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात नोंदवले आहे. हा अभ्यास लहान असला तरी दखलपात्र आहे. मात्र जामनगरच्या गुजरात आयुर्वेद विद्यापीठातील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसिक कारणांमुळे शिश्नोत्थानात अडचण असलेल्या ८६ पुरुषांनी उपचार पूर्ण केले, तेव्हा अश्वगंधा निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाही. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांतही सुधारणा दिसली. म्हणूनच ‘मला गुण आला’ हा वैयक्तिक अनुभव पुरावा ठरू शकत नाही.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी नाहीत. शुक्राणूंची संख्या आणि शिश्नोत्थान या भिन्न बाबी आहेत. बाजार पहिल्या बाबीचा पुरावा पुढे करून दुसऱ्या बाबीचे आश्वासन विकतो, हा त्यातील मूलभूत दोष होय. शिवाय एका वनस्पतीच्या अर्कावरील निष्कर्ष दहा घटकांच्या मिश्रणास आपोआप लागू होत नाहीत.

भेसळ आणि कायदा

‘नैसर्गिक’ गोळीचा परिणाम तासाभरात जाणवला, तर समाधानापेक्षा शंकेस अधिक जागा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात भेसळयुक्त म्हणून नोंदवलेल्या ७७६ पूरकांपैकी ३५३ लैंगिक क्षमतेसाठी विकली जात होती. त्यांतील भेसळीत सिल्डेनाफिलचे प्रमाण सर्वाधिक होते. हे औषध चाचण्यांनंतर १९९८ मध्ये तेथे मान्य झाले असले, तरी हृदयरोगावरील नायट्रेट औषधांसोबत घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. वेष्टनावर नावच नसेल तर रुग्ण सावध होणार कसा?

भारतात औषधी व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करण्यास मनाई आहे. तथापि कायदा जाहिरातीस अटकाव करू शकतो. संकोच दूर करू शकत नाही. शिश्नोत्थानातील अडचण ही कित्येकदा मधुमेह वा हृदयविकाराची पूर्वसूचना असते. लाजेपोटी गुपचूप घेतलेली गोळी त्या रोगाचे निदान लांबवते, ही हानी पैशाच्या हानीहून मोठी आहे.

निष्कर्ष

काही वनस्पतींबाबत मर्यादित व आशादायक पुरावा आहे; परंतु त्या आधारे बाजारातील मिश्रणांना परिणामकारक म्हणता येत नाही. कोणता घटक, किती मात्रेत, कोणत्या तक्रारीसाठी व कशाशी तुलना करून तपासला, हे चार प्रश्न प्रत्येक दाव्यास विचारले पाहिजेत. हे प्रश्न वर्गात निःसंकोचपणे मांडणे हे महाविद्यालयीन अध्यापकांचे काम आहे. कारण जो विद्यार्थी वर्गात विचारू शकत नाही, त्याला उत्तर भिंतीवरची जाहिरात देते.