परमचं कौतुक आणि थांबलेला प्रोसेसर

'परम ८०००'ची गोष्ट आपण एकाच सुरात सांगतो : अमेरिकेने हवा तो क्रे दिला नाही, म्हणून पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली स्वतःचा महासंगणक उभा केला. गोष्ट खरी आहे, पण अपुरी.

त्यातल्या प्रत्येक टी-८०० ट्रान्सप्युटरची मेमरी वेगळी. शेजाऱ्याशी बोलायचं ते चार लिंकांमधून. चॅनेलचा नियम असा, की घेणारा तयार होईपर्यंत देणारी प्रोसेस थांबणार. मग वेग कुठून आला? तर ती प्रोसेस थांबली, की चिप तेवढ्यात दुसरी चालवायची. डेटा लिंकवरून आपला जात राहायचा. वाट पाहण्याचा वेळ कामी लावणं, ही खरी करामत. तिच्याबद्दल आपण बोलतच नाही!

आज एमपीआयमध्ये यासाठी आयसेंड आहे. पण कित्येक प्रोग्रॅममध्ये लगेच पुढच्या ओळीत वेट लिहिलेलं दिसतं. म्हणजे मस्तगडला कुरिअर बोलवायचं आणि माणूस पाकीट उचलेपर्यंत दारातच उभं राहायचं. नाव असिंक्रोनस, चाल जुनीच.

मशीनमध्ये प्रोसेसर किती, हे आपण हौसेने विचारतो. त्यातले किती वेळ नुसते बसून असतात, हेही विचारा. कौतुकाचा हिशेब तिथे लागतो.