सांबातील सुर्दो : दुसऱ्या मात्रेचा विचार

ब्राझीलच्या सांबा संगीताची चर्चा करताना त्याच्या लयवैचित्र्याचे श्रेय बहुधा तांबोरिम, कुईका, रेपिनिक अशा चपळ वाद्यांस दिले जाते. सुर्दो हा मोठा ढोल केवळ लय धरणारा, म्हणून दुय्यम ठरतो. ही विभागणी सोयीची असली तरी सांबाच्या स्वरूपाशी ती जुळत नाही.

रिओ दि जानेरोच्या एस्तासिओ वस्तीत १९२८ साली 'देइशा फलार' ही मंडळी स्थापन झाली. तिच्यातील आल्सेबियादिस बार्सेलोस ऊर्फ बिदे याने लोण्याचा मोठा डबा मढवून सुर्दो घडविला, असे परंपरा मानते. एका वाद्याचे जनकत्व एकाच व्यक्तीस देणाऱ्या अशा कथा जपूनच स्वीकाराव्यात. कार्निवलात मोठे ढोल एकोणिसाव्या शतकापासून वाजत होतेच. खरा प्रश्न आहे तो त्याची गरज का भासली, हा. दोंगाच्या नावे १९१६ मध्ये नोंदलेला 'पेलु तेलेफोनि' हा सांबा माशिशे नृत्याच्या वळणाचा होता. एस्तासिओच्या इझ्माएल सिल्व्हाचे म्हणणे असे की, त्या चालीवर रस्त्याने चालता येत नसे. कार्लुस सांद्रोनी यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात या स्थित्यंतराचे लयदृष्ट्या साक्षेपी विवेचन केले आहे.

सांबा दोन मात्रांचा. त्यातील खर्जाचा, घुमारेदार आघात सर्वांत मोठ्या सुर्दोवर पडतो तो दुसऱ्या मात्रेवर. पहिल्या मात्रेवर किंचित चढ्या स्वराचा दुसरा सुर्दो उत्तर देतो. एकच सुर्दो असल्यास वादक तेथे हाताने नाद दाबतो. तिसरा सुर्दो या दोहोंच्या मधल्या जागा तोडत जातो. तबल्याच्या ठेक्यावर वाढलेल्या श्रोत्याची येथे हमखास फसगत होते. त्रितालात काळाच्या जागी डग्ग्याचा घुमारा थांबतो व सम जवळ येताना परततो. त्यामुळे सांबातील खोल आघातालाच तो सम समजून बसतो आणि सारे गीत त्याला उलटे ऐकू येते. पहिली मात्रा हलकी, भार दुसरीवर, हीच तर पुढचे पाऊल उचलायला लावणारी युक्ती आहे.

मांगेइरा मंडळीने या युक्तीचा शेवट गाठला. तिच्या वाद्यवृंदात उत्तर देणारा सुर्दो नाही. पहिल्या मात्रेवरील जागा रितीच राहते. तांबोरिमची आघातमाला त्या रितेपणात जितकी स्पष्ट उमटते तितकी अन्यत्र क्वचितच. याउलट वेळेच्या मर्यादेत हजारो लोकांचे संचलन बसविताना गेल्या काही दशकांत मंडळींची गती बरीच वाढली. तिने उत्साह वाढला असेल. पण एक घुमारा विरण्यापूर्वीच दुसरा येऊन आदळतो, आणि नेमकी तीच दोन आघातांमधली जागा आक्रसते. चपळ वाद्यांचे कौतुक करणाऱ्या समीक्षेला हा तोटा जाणवत नाही.