बरोबर उत्तर, चुकीची वाट

१६/६४ या अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप द्यायचे आहे. एक विद्यार्थी अंशातला ६ आणि छेदातला ६ खोडतो आणि १/४ असे उत्तर लिहितो. उत्तर बरोबर आहे. शिवाय त्याच्याकडे कारणही आहे. वर आणि खाली सारखे असेल ते खोडायचे, हे तो वर्गातच शिकला आहे. मग १६/६४ म्हणजे १/४ हे त्याला 'माहीत आहे', असे आपण म्हणू का?

ज्ञान कशाला म्हणावे, याचा विचार करणाऱ्या शाखेला ज्ञानमीमांसा म्हणतात. या शाखेत गेली साठ वर्षे चाललेल्या वादाचा मोठा भाग एका तीन पानी निबंधातून निघाला आहे. एडमंड गेटियर या अमेरिकन प्राध्यापकाचा तो निबंध १९६३ साली 'अ‍ॅनॅलिसिस' या नियतकालिकात आला. २०२१ साली गेटियर वारले, पण वाद मिटलेला नाही. या वादातून शिक्षकाने काय घ्यावे आणि काय सोडून द्यावे, ते पाहू या.

ज्ञानाची एक प्रचलित व्याख्या अशी होती : एखादी गोष्ट आपल्याला खरी वाटते, ती प्रत्यक्षात खरी असते आणि तसे मानायला आपल्यापाशी सबळ कारण असते, तेव्हा ते ज्ञान. गेटियरने दोन कल्पित प्रसंग रचून ही व्याख्या अपुरी ठरवली. त्यांतला एक असा. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी अर्ज करतात. नोकरी जोन्सला मिळणार, असे कंपनीच्या प्रमुखाने स्मिथला सांगितलेले असते. जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत, हे स्मिथने मोजून पाहिलेले असते. त्यावरून तो म्हणतो, "ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत." प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते आणि त्याच्याही खिशात, त्याच्या नकळत, दहाच नाणी निघतात. विधान खरे ठरले, कारणही होते. पण याला ज्ञान कोण म्हणेल?

हा पेच आपल्याकडे अपरिचित नव्हता. आठव्या शतकातील बौद्ध तर्कपंडित धर्मोत्तर याने असाच दाखला दिला आहे. मांस भाजण्यासाठी नुकती आग पेटवली आहे, धूर अजून निघालेला नाही. मांसाभोवती किड्यांचा थवा जमतो. दुरून पाहणाऱ्याला तो धूर वाटतो आणि 'तिथे आग आहे' असे तो म्हणतो. आग असते, पण अनुमानाचा आधार खोटा असतो. असे असले तरी 'आमच्याकडे हे आधीच होते' म्हणून थांबणे बरोबर नाही. धर्मोत्तरासमोरचा प्रश्न थोडा वेगळा होता. ज्या जाणिवेनुसार वागून काम साधते ती प्रमाण, एवढे म्हणणे पुरते का, हे तो तपासत होता. दाखले जुळतात, व्याख्या जुळत नाहीत.

गेटियरनंतर व्याख्येला ठिगळे लावण्याचे काम सुरू झाले. वस्तुस्थिती आणि समजूत यांत कार्यकारणाचा दुवा हवा, असे अ‍ॅल्विन गोल्डमन याने १९६७ मध्ये मांडले. गोष्ट खरी नसती तर आपण ती मानलीही नसती, अशी अट रॉबर्ट नोझिक याने १९८१ मध्ये घातली. प्रत्येक ठिगळाला नवा अपवाद सापडत गेला. १९९४ मध्ये लिंडा झॅग्झेब्स्की हिने त्याचे कारण दाखवले : सबळ कारण असूनही समजूत खोटी निघू शकते, एवढी फट व्याख्येत ठेवली की योगायोग त्या फटीतून आत येणारच.

या साऱ्या वादावर एक आक्षेप घेता येतो. अशा गोष्टींचा निवाडा अखेर 'आपल्याला असे वाटते' यावरच होतो. पण 'आपल्याला' म्हणजे कोणाला? जोनाथन वाइनबर्ग, शॉन निकोल्स आणि स्टीफन स्टिच यांनी अमेरिकेतील विद्यार्थ्यांना विचारून २००१ मध्ये असा निष्कर्ष काढला, की पूर्व आशियाई व भारतीय उपखंडातील कुळांची बहुसंख्य मुले अशा प्रसंगाला ज्ञानच म्हणतात. निष्कर्ष खूप गाजला. पण उपखंडाच्या गटात मुले होती अवघी २३! २०१५ मध्ये इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो फरक आढळला नाही. पुढे ब्राझील, भारत, जपान आणि अमेरिका येथे झालेल्या पाहणीतही, असा प्रसंग म्हणजे ज्ञान नव्हे, याकडेच लोकांचा कल दिसला. तत्त्वज्ञांनी आपल्याच घरातला गाजलेला निष्कर्ष तपासून बाजूला ठेवला, ही या वादातली सर्वांत वैज्ञानिक गोष्ट आहे.

आता पुन्हा १६/६४ कडे येऊ. नोझिकची अट येथे कामाला येत नाही, कारण १६/६४ हे १/४ नसते तर काय झाले असते, हा प्रश्नच अर्थहीन आहे; ते नेहमी १/४ च असणार. म्हणून उत्तराऐवजी रीत तपासायला हवी. ती रीत इतरत्र खरे उत्तर देते का? गोल्डमनने १९७९ मध्ये हाच विचार मांडला : समजूत ज्या रीतीने बनली ती रीत भरवशाची हवी. खोडण्याची ही रीत १३/३४ ला लावली, तर तेथेही १/४ येते आणि ते साफ चूक आहे. एकापेक्षा लहान आणि अंश व छेद दोन अंकी असलेल्या अपूर्णांकांत, अंशाचा शेवटचा व छेदाचा पहिला अंक असे खोडून बरोबर उत्तर देणारे फक्त चार आहेत : १६/६४, १९/९५, २६/६५ आणि ४९/९८. (११/११० सारखे तीन अंकी छेद किंवा दोन्ही स्थानी तोच अंक असलेली उदाहरणे यात धरलेली नाहीत.)

गेटियरच्या निबंधाचे मोल नव्या व्याख्येत नाही. तशी व्याख्या त्याने दिलीच नाही. कारण आणि सत्य शेजारी शेजारी असूनही एकमेकांशी जोडलेली नसू शकतात, हे त्याने दाखवले. आपल्या परीक्षा नेमके हेच विसरतात. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण केली, तरी सरासरीने चारांतून एकदा उत्तर बरोबर येते आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. म्हणून बरोबर उत्तरावर खूण करण्याआधी आकडे बदलून आणखी एक प्रश्न विचारावा. चुकलेल्या मुलाला 'हे कसे काढलेस?' असे आपण विचारतोच. बरोबर आलेल्यालाही ते विचारायला हवे.