पहारेकरी आणि मॉलिन्यूचा प्रश्न

संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांना दिव्यांग प्रेक्षकांसाठी कसं तयार करायचं, हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाचा मास्तर यावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझा एम. ए.चा एक विद्यार्थी माझ्याबरोबर एका संग्रहालयात आला होता. तो जन्मांध होता. संग्रहालय कोणतं ते सांगत नाही, कारण हे कुठेही घडलं असतं. दारावरच्या पहारेकऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "सर, हे आत जाऊन काय बघणार?" माणूस वाईट नव्हता हो. आवाजात कळवळा होता. त्याने खुर्ची आणून दिली. "यांना इथे बसू द्या, तुम्ही निवांत फिरून या," म्हणाला. विद्यार्थी हसून मला म्हणाला, "सर, हा प्रश्न तर आपल्या अभ्यासक्रमातला आहे."

खरंच होता. 1688 साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने जॉन लॉकला एक प्रश्न लिहून पाठवला. जन्मांध माणूस घन आणि गोल हाताने ओळखतो. उद्या त्याला दृष्टी आली, तर हात न लावता, नुसतं पाहून, यातला घन कोणता आणि गोल कोणता हे तो सांगू शकेल का? लॉकने हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या आवृत्तीत घेतला, 'नाही' असं उत्तर दिलं, आणि वाद अजून संपलेला नाही. मॉलिन्यूची पत्नी अंध होती, हे मात्र आम्ही वर्गात सहसा सांगत नाही. पण या वादात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मान्य केलेली आहे, ती बघा. हाताला जे कळतं तेही ज्ञानच आहे. संग्रहालय नेमकं हेच विसरतं. तिथे जाणणं म्हणजे पाहणं, आणि जो पाहत नाही त्याच्यासाठी खुर्ची!

'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी सनातन आहे असंही समजू नका. ऑक्सफर्डचं अ‍ॅशमोलियन संग्रहालय 1683 मध्ये उघडलं. 1710 मध्ये तिथे गेलेल्या उफेनबाख नावाच्या जर्मन प्रवाशाने तक्रार लिहून ठेवली आहे की लोक इथे सगळ्या वस्तू हाताळतात. म्हणजे स्पर्श आधी होता, बंदी नंतर आली.

तुम्ही म्हणाल, वस्तू जपायला नकोत का? जरूर जपाव्यात. घामातल्या क्षारांनी धातू खराब होतो, कापड तर फारच नाजूक. पण सगळ्या वस्तू सारख्या नाहीत. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अडकित्ते आहेत. अडकित्ता ही हातासाठी घडवलेली वस्तू. तिचं वजन, तिची पकड, पात्यांची चाल काचेबाहेरून डोळसालाही कळत नाही. अशा वस्तूची प्रतिकृती हातात दिली तर फायदा सगळ्यांचाच होईल. कशाला हात लावता येईल, कशाची प्रतिकृती करावी, हे अभिरक्षकाने वस्तुगणिक ठरवायचं असतं. सरसकट पाटी लावली की तो विचार करायची गरजच उरत नाही.

कायदा आपल्याकडे आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात 21 प्रकारची अपंगत्वं मोजलेली आहेत, आणि कलम 29 सांस्कृतिक जीवनातल्या समान सहभागाबद्दल बोलतं. रॅम्प बांधले जातात, ब्रेलच्या पाट्या लागतात. पण रॅम्पच्या टोकाशी माणूस उभा असतो. तो काय बोलतो, यावर सगळं अवलंबून आहे.

आता माझी खरी टीका. ज्याला संवेदनशीलता कार्यशाळा म्हणतात, तिच्यात बहुधा काय होतं? अर्धा दिवस कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांना पट्ट्या बांधतात, व्हीलचेअरवर बसवतात, आणि 'बघा किती अवघड असतं' असं सांगतात. एरिअल सिल्व्हरमन या स्वतः अंध असलेल्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. पट्टी बांधून पाहिलेल्या लोकांना अंध माणसं काम करायला आणि स्वतंत्र जगायला कमी समर्थ आहेत असं वाटू लागलं. साहजिक आहे. तुम्हाला अंधत्वाची पहिली दहा मिनिटं दाखवली, वीस वर्षांचं कौशल्य दाखवलंच नाही. म्हणजे कार्यशाळेतून बाहेर पडतो तो आमचा तोच पहारेकरी, हातात खुर्ची घेऊन.

मग शिकवायचं काय? पहिलं, प्रश्न सोबत्याला विचारू नका, त्या व्यक्तीलाच विचारा: "मी काही मदत करू का? कशी करू?" अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, ती धरेल. व्हीलचेअर विचारल्याशिवाय ढकलू नका. ऐकू कमी येणाऱ्याशी समोर तोंड करून बोला. वर्णन करताना आधी आकार, मग कशाची बनली, मग बारकावे. आणि हे शिकवणारी माणसं स्वतः दिव्यांग असावीत, योग्य मानधन घेऊन.

दुसरं, कोणाला शिकवायचं? बोलावतात ते अधिकाऱ्यांना. प्रेक्षकाला भेटतात ते तिकीट खिडकीवरचे आणि कंत्राटी पहारेकरी. कंत्राट बदललं की माणसं बदलतात, शिकवलेलं वाया जातं. म्हणून प्रशिक्षण दरवर्षी हवं, कंत्राटातच लिहिलेलं हवं.

तिसरं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते, अधिकार. समजा, त्या पहारेकऱ्याला सगळं शिकवलं. पण 'या दगडी मूर्तीला हात लावू द्या' असं म्हणायची त्याला मुभा नाही, आणि काही झालं तर नोकरी त्याची जाणार. तो 'नाही'च म्हणेल. मीही म्हटलं असतं. त्याच्या अज्ञानावर सगळं ढकलणं सोपं आहे. त्याच्या हातात यादी द्या: या पाच वस्तूंना स्पर्श चालेल, हात धुवून, अंगठ्या काढून.

गेली चार वर्षं मी कानात यंत्र घालतो. परवा एका दालनात मार्गदर्शक पाठ करून बोलत होता, मला शब्दही कळला नाही, आणि मी मान डोलवत राहिलो. तेव्हा तो विद्यार्थी आठवला. तो त्या दिवशी खुर्चीवर बसला नव्हता बरं का. माझं कोपर धरून सगळी दालनं फिरला, आणि मी वर्णन करताना किती आंधळेपणाने बघतो, हे त्याने मला दाखवून दिलं.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ. फक्त जरा मोठ्याने बोला, आणि माझ्याकडे बघून.